अवसेच्या दिवशी दत्तोबानं जू उचललं

दत्तोबा चाकणचा. जत्रेच्या नाटकात लुगडं नेसून राणी व्हायचा, गाव खुळं व्हायचं. सोळाव्या वर्षी कोल्हापूरला पळाला. स्टुडिओत झाडू मारला, अकरा सिनेमांत नुसता भाला धरून उभा राहिला, मग एक वाक्य मिळालं, मग दोन. आणि चोपन्न साली पठ्ठ्या स्वतःचा सिनेमा काढायला गावात हजर! म्हाताऱ्या बापाचं कामही तोच करणार.

त्याचा लंगोटीयार सोनबा तर हवेतच. शेवटच्या प्रसंगात लेक सासरी जाते, ती गाडी सोनबाची, बैलही त्याचेच.

शूटिंगच्या सकाळी दत्तोबाची आई, कौशल्याबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दत्ता, आज अवस हाय. अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत्यात व्हय रं? कोल्हापुरात येवढंबी इसरलास?"

दत्तोबा मटकन खाली बसला. कॅमेरा भाड्याचा, दुपारी परत जाणार. हा प्रसंग नाही तर सिनेमा नाही.

सोनबाला ते बघवेना. त्याच्या घरात तीन पिढ्या कुणी अवस मोडली नव्हती, अमावस्येला बैल जुंपला नव्हता. तरी तो दावी सोडायला उठला. "मी जुपतो. गावाचं मी बघून घेतो."

"बस खाली," दत्तोबा म्हणाला. "जनावराच्या आरामाचा दिवस हाय त्यो. माझ्या सिनेमापायी त्यो मोडायचा न्हाई."

त्यानं पांढऱ्या मिशा चिकटवल्या, फेटा गुंडाळला, आणि जू उचलून स्वतःच्याच खांद्यावर घेतलं. कॅमेरावाल्याला ओरडला, "बापच ओढंल लेकीची गाडी. चालू कर!"

गाडीत नवरी झालेली नटी. दत्तोबा वाकला. मानेच्या शिरा तटतटल्या. चाक हललं! गाडी वीस-एक पावलं गेली, आणि खड्ड्यात रुतली.

सोनबा कॅमेऱ्यासमोर घुसलाच. जुवाची दुसरी बाजू खांद्यावर घेतली. "एकटाच मरतोस व्हय रं? अवस बैलाला असती, मला न्हाई."

गाडी वेशीबाहेर गेली. नुसत्या बघायला जमलेल्या बायका पदर डोळ्याला लावून उभ्या.

"झालं का रं?" सोनबानं विचारलं.

दत्तोबाला ऐकूच गेलं नाही. नटीच्या डोक्यावर हात ठेवून तो पुटपुटत होता, "जपून ऱ्हा, बाई." कॅमेरा केव्हाच थांबला होता. एक मिशी घामानं सुटून लोंबत होती. दुसरा कुणी असता तर सोनबा पोट धरून हसला असता. त्यानं जू हळूच खाली ठेवलं, जराही आवाज न करता.