आधी हात दे

गयामावशींकडे कोणी तोंड पाडून आलं, तर त्या पाणीसुद्धा विचारायच्या नाहीत. पदर खोचून अंगणात उतरायच्या आणि दोन्ही हातांचा तिढा घालून ते पुढे करायच्या. "आधी हात दे. रडगाणं मंग." समोरच्या बाईला फुगडी घालावीच लागायची.

मावशी म्हणजे भोकरदनमधल्या माझ्या घरमालकीण. साठी उलटलेल्या, अंगाने जाड, हसल्या तरी दम लागायचा. मी धावडा या माझ्या गावाहून कॉलेजसाठी आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्याच परीक्षेत दोन विषय राहिले, तेव्हा ते कोणाला सांगावं हेच मला कळेना. दार लावून पडून राहिले. जेवण जाईना. शेवटी बॅग भरायला घेतली.

मावशी दारात आल्या. "गावाकडं निघाली का?"

"हो."

"जा. बस पाचला हाय. तंवर हात दे."

नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. आम्ही पायांना पाय भिडवले. मी इतकी ताठ उभी होते की फुगडी फिरेचना.

"अंग चोरून राह्यली तू," मावशी म्हणाल्या. "मागं झुक. मी धरलंय ना बराबर."

मी झुकले. तुळस, फाटक, दोरीवरच्या चादरी, सगळं गरगरायला लागलं. थांबलो तेव्हा मी रडत होते, हसतही होते, आणि मला कडकडून भूक लागली होती. राहिलेले विषय कुठे गेले नव्हते. पण त्यांचं आता काय करायचं, एवढा विचार करता येत होता. पाचची बस निघून गेली.

हे औषध त्या वय बघून द्यायच्या. त्यांचा नातू शाळेत जायला भ्यायचा. त्याच्याबरोबर रोज सकाळी उकिडवं बसून बसफुगडी. शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे खाटेवरून उतरता येत नसे, तर खाटेपाशी बसून नुसत्या टाळ्या. "लेकराला उड्या, तुला गिरकी, आजीला टाळी," म्हणायच्या. "पण अंग हाललं पायजे." गल्लीतल्या एका शिक्षिकेला झोपच येत नव्हती. तिला मात्र त्यांनी आधी दवाखान्यात धाडलं. "गोळी बराबर घे. आन् संध्याकाळी इकडं ये."

मागच्या हिवाळ्यात मावशींचे यजमान अचानक गेले. मावशी भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. नवरा गेलेल्या बाईने वर्षभर खेळायचं नसतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बायका यायच्या, हळू आवाजात बोलून जायच्या. हात कोणीच पुढे करत नव्हतं. तेरावा होऊन महिना उलटला, तरी मावशी अंगणात उतरल्या नाहीत.

सुनीतावहिनी, त्यांची सून, एका संध्याकाळी मला म्हणाली, "दोन घास बी जात न्हाईत त्यांना. तू बोल ना काही."

मला असं समजुतीचं बोलता येत नाही. मी जाऊन मावशींसमोर जमिनीवर बसले आणि हातांचा तिढा पुढे केला. "मावशी, आधी हात द्या."

"येडी झाली का? मला शोभतं का आता?"

"उठू नका. बसूनच."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी हात दिले. गार होते. आम्ही बसूनच मागेपुढे झुलायला लागलो. मी घाबरत घाबरत, त्यांना कुठे लागेल म्हणून.

"अंग चोरून राह्यली तू," मावशी म्हणाल्या. "अशानं काय होतंय?"

स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती, तो आवाज थांबलेला मला ऐकू आला.

मावशींनी भिंतीचा आधार घेतला आणि उठल्या. दारापर्यंत आल्या. "जा, फाटक लाव आधी. लोकं बघतील."

मी फाटक लावलं. अंधारून येत होतं. आम्ही अगदी सावकाश एक गिरकी घेतली. मावशी डोळे मिटून होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. नंतर त्यांनी वहिनीकडे अर्धी भाकरी मागितली.

दुसऱ्या संध्याकाळी मी न सांगताच फाटक लावायला निघाले. मावशी पायरीवर पदर खोचत होत्या.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या. "हवा येऊन राह्यली."