आपोआप लागणारे दिवे

कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नमुना म्हणून आलेल्या नव्या किटची विजेची वायर मी काढली आणि पुन्हा जोडली. बोर्डावरचे आठ दिवे लगेच एकामागून एक पळू लागले. हिच्यातली एफपीजीए, म्हणजे प्रोग्राम भरून हवं ते काम शिकवता येणारी चिप, फ्लॅश मेमरीवाली आहे. वीज गेली तरी शिकवलेलं विसरत नाही.

"छान आहे, पण जुन्या काय वाईट आहेत?" मी म्हणालो. "माझा तास कधी अडला नाही."

आमचे लॅब असिस्टंट जाधवमामा शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "सर, हीच घ्या. मग मला रोज तुमच्या आधी येऊन सगळ्या किटमध्ये प्रोग्राम भरायला नको."

माझी मान वर होईना. जुनी चिप वीज गेली की सगळं विसरते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. आणि रोज सकाळी दार उघडलं की वीसच्या वीस किटवर दिवे पळताना बघून खूशही होतो. ते कोण लावतं, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. घरातही असे किती दिवे आपोआप लागतात असं मी गृहीत धरलं असेल?

मामांनी स्वतः वायर काढून पुन्हा जोडली. दिवे पळाले.

"बघा," ते कौतुकानं म्हणाले, "हिला कुणाची गरजच नाही."