गाडीवर कव्हर टाकल्यावर

गाडी का बंद केली, असं चिखलीत मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मीच गोंधळले. माझ्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंना सांगितलं, गुडघे धरायला लागलेत, थोडा व्यायाम होईल. दूधवाल्याला सांगितलं, बाजारात जाणाऱ्या ट्रॅक्टरांमागे अडकून रोज उशीर होतो. आमच्या ह्यांना सांगितलं, दीड किलोमीटरवरच्या शाळेसाठी गाडी काढायची आता लाज वाटते. तिन्ही कारणं खरी होती. पण तिघांना तीन कारणं सांगितली की चौथं कारण गाव स्वतःच शोधून काढतं. "शुगर निघाली का वो मॅडम?" किराणावाल्यानं साखर मोजता मोजता हळूच विचारलं. गल्लीच्या टोकाच्या आजींनी तर सांत्वनच केलं, "इकली तं इकली, जीवाले नको लावून घेऊ." गाडी अंगणातच उभी होती, कव्हराखाली. बोट दाखवलं तरी आजींचा विश्वास बसला नाही.

आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई मी एकटीच. हे बँकेत आहेत, रोज एसटीनं बुलढाण्याला जातात, स्टिअरिंगला हात लावत नाहीत. त्यामुळे ती पांढरी गाडी नावापुरती आमची, बाकी गल्लीचीच. कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पाहुण्याला जालन्याला रेल्वेवर सोडायचं, की दारात येऊन हाक, "मॅडम, गाडी काढता का?" मला ते आवडायचंसुद्धा. आपल्यावाचून लोकांचं अडतं, हे कुणाला आवडत नाही?

सगळ्यात जास्त हक्क समोरच्या ताईंचा. आम्ही चौदा वर्षांच्या शेजारणी. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मी नवीन नवीन राहायला आले तेव्हा त्यांनी मला पुरण न सुटता पोळी लाटायला शिकवलं. माझा ताप त्यांनी काढला, त्यांचं रडणं मी ऐकलं. सख्खी बहीण आहे मला, पण ती पुण्यात. ताई समोर.

जूनमध्ये धामणगाव बढ्याला त्यांच्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. आदल्या संध्याकाळी ताई दारातूनच म्हणाल्या, "उद्या सातले निघू." निघालो. येताना राजूर घाटात त्यांना मागच्या सीटवर उलटी झाली. बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या, की परत आल्यावर बादली आणि निरमा घेऊन स्वतः गाडी धुवायला आल्या. मी म्हटलं, "काही नाही हो ताई, राहू द्या." पुढच्या आठवड्यात शाळा उघडली आणि मी मुलीची जुनी सायकल बाहेर काढली.

पहिले आठ दिवस मांड्या ओरडत होत्या. नंतर बरं वाटायला लागलं, पण सामानाचं काय? गव्हाचा डबा, गॅसची टाकी, आठवड्याचा बाजार, पेपरांचे गठ्ठे. परदेशातल्या बायका सायकलच्या पुढच्या पेटीत पोरं बसवून हिंडतात, असे व्हिडिओ मी पाहिले होते. तो व्हिडिओ मी खामगाव रोडच्या वेल्डिंगवाल्याला दाखवला. त्यानं तो चार वेळा पाहिला, चहा मागवला आणि विचारलं, "पण मॅडम, गाडी तं हाय ना तुमच्याकडं?" त्यालाही मला नीट उत्तर देता आलं नाही. तरी त्यानं सायकल केली. मागे जुनी सायकल, पुढे दोन चाकं, मधे प्लायवूडची पेटी. पहिल्या दिवशी ती वळेचना. मी हँडल डावीकडे केलं, पेटीनं थोडा विचार केला, तोवर आम्ही पानठेल्याच्या बाकड्याला जाऊन भिडलो होतो. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना एका बाईनं हात करून थांबवलं. "कांदे कसे देल्ले वो?" माझे कांदे विकायचे नाहीत, घरचे आहेत, हे पटवायला मला पाच मिनिटं लागली. जाताना ती म्हणाली, "नसन द्याचे तं नाही म्हनाव ना सरळ!"

हे सगळं मी ताईंना सांगून हसवणार होते. पण ताई हसायला तयार नव्हत्या. मी ओट्यावर गेले की त्यांना नेमकं आत काम निघायचं. दुपारच्या चहाची हाक बंद झाली. त्या आपल्या सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात ऑटोनं घेऊन गेल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. मी विचार करकरून थकले. पेटीवाल्या सायकलीची लाज वाटते का त्यांना? मास्तरीण असून हमालासारखी पोती ओढते, म्हणून? की मीच काही बोलून गेले? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बायकांचं तुम्हा बायकांनाच माहीत." काहीच माहीत नव्हतं. खिडकी समोर, माणूस समोर, आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. फार वाईट गेले ते दोन-अडीच महिने.

मग महालक्ष्म्या आल्या. ताईंच्या घरी त्या बसतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला पहिली सवाष्ण मी, हे चौदा वर्षांचं ठरलेलं. आवतण द्यायला ताई चार-पाच दिवस आधीच कुंकू घेऊन येतात. या वर्षी गल्लीतल्या तीन घरी आवतण गेलं. माझ्या दारावरून ताई दोनदा गेल्या. मी आत दाराआड उभी होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला बाजारात गेले, तर कोपऱ्यावर ताई. पायाशी दोन पिशव्या, काशीफळ, आणि केळीचे चार उंच खांब. दरवर्षी ते माझ्या गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून यायचे. आता दोन ऑटोवाले मान हलवून निघून गेले होते. मी पेटी त्यांच्यापुढे नेऊन उभी केली.

"टाका ताई याच्यात."

"नको बाई. तुही गाडी खराब होते."

मला हसूच आलं. पेटीत कालच्या मेथीची माती तशीच होती. "याच्यात काय खराब व्हायचं राह्यलं?"

त्या हसल्या नाहीत. "ह्याच्याबद्दल नाही म्हणत मी. घाटात मले वकारी झाली. आठ दिवस नाही झाले, तं तू गाडीवर कव्हर टाकलं. एकीले नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून सगळ्यायले बंद केली. मले काय समजत नाही का वं?"

मी घाईघाईनं सांगायला लागले. गुडघे सांगितले, ट्रॅक्टर सांगितले, दीड किलोमीटरची लाज सांगितली. इतके दिवस गावाला सांगितलेली तीच कारणं, पण ताईंपुढे ती माझ्याच कानांना बनवल्यासारखी वाटत होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग हे मले तवाच काऊन नाही सांगतलं? समोरच तं राह्यते मी."

याचं उत्तर शोधता शोधता मला तो घाट चढतानाचा रविवार आठवला. काचा खाली, मागे ताई डोळे मिटून बसलेल्या, आणि मी मनात म्हणत होते, बस झालं आता. शाळा उघडायच्या आधीची तयारी राहिली होती. रविवार गेला होता. असे किती रविवार गेले होते, आणि दर वेळी मी हसून चावी घेतली होती. मग सायकल मी गुडघ्यांसाठी काढली, की कुणाला नाही म्हणावं लागू नये म्हणून? खरं सांगते, मला माहीत नव्हतं. आजही नक्की माहीत नाही. पण ताई चूक होत्या असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

"ताई, मले राग आल्ता त्या दिवशी," मी म्हटलं. "वकारीचा नाही. देवाशप्पथ नाही. तुम्ही मले विचारलंच नाही, मी मोकळी हाय का म्हणून. सातले निघू म्हटलं, अन् गेल्या."

केळीवाला हातातला कोयता थांबवून ऐकत होता. मला वाटलं, चौदा वर्षं गेली आता या कोपऱ्यावर. खोटं बोलले असते तर निभावलं असतं.

"अन् तू तरी कवा नाही म्हणली वं मले?" त्या म्हणाल्या. "मले कसं समजाव?"

त्यांनी वाकून काशीफळ पेटीत ठेवलं, मग पिशव्या, मग खांब आडवे घातले. खांब दोन्हीकडून हातभर बाहेर आले. घरापर्यंत मी सायकल ढकलत चालले आणि त्या खांबांना हात लावून बाजूनं चालल्या. दारात सामान उतरवून त्या आत गेल्या. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा ओट्यावर येऊन गेले. समोरून आरतीचा आवाज आला, पण ताई आल्या नाहीत. ह्यांनी विचारलं, भांडण झालं का मिटलं? मी म्हटलं, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दार वाजलं. ताई पैठणी नेसलेल्या, हातात कुंकवाचा करंडा, कपाळावर घाम. आत सोळा भाज्या चुलीवर असणार. आजवर त्यांची आवतण द्यायची पद्धत एकच होती. बोट कुंकवात बुडवायचं, माझ्या कपाळाला लावायचं, "बाराले ये," म्हणायचं आणि उत्तराआधी पाठ फिरवायची. मी येणार हे त्यांच्यासाठी धरलेलंच असायचं.

त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, आणि हात तसाच वर धरून थांबल्या.

"आज बाराले जेवाले बलावते तुले," त्या म्हणाल्या. "जमते का?"

आणि खरंच उत्तराची वाट पाहत उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी नाही म्हटलं असतं तर त्या करंडा घेऊन मुकाट परत गेल्या असत्या, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "हाव, येते," मी म्हटलं आणि कपाळ पुढे केलं.