न उचलायचा फोन

शिरूर कासारच्या पेठेत एक अफवा आहे. जगदेवीअक्काच्या किराणा दुकानातला फोन वाजतो, पण अक्का उचलत नाही. कारण एकदा उचलला तर त्यातून तिचा मेलेला नवरा बोलला. सांगणारे तो आवाजही काढून दाखवतात, नाकातून, "जगदेवे, च्या ठिव." यातलं चहाचं तेवढं खरं आहे. बाकी कल्याणरावकाका चांगले जिवंत आहेत. दुपारभर शेंगदाण्याच्या पोत्यांवर झोपतात, आणि घोरतात असे की गिऱ्हाईक दबकून साखर मागतं.

फोन न उचलायचं कारण साधं आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं. तिकडून फोन लावायचा, ठरल्या तेवढ्या घंट्या वाजू द्यायच्या आणि कापायचा. एक घंटी म्हणजे समदं ठीक. दोन म्हणजे चांगली खबर. वाजतच राहिला तरच उचलायचा. उचलला की बोलणाऱ्याचे पैसे जातात. अक्का म्हणते, "गरिबाचे पैसे खायाला मी काय कंपनी हाय?"

दिवेलागणीला दुकानाच्या ओट्यावर ही माणसं येऊन बसत. लाईट गेलेली असे. गुरं परतली की वाजेल ती बंकटची घंटी, महादेवाच्या देवळात दिवा लागला की ताराबाईच्या लेकाची, अंगदची. घंटी वाजायची, थांबायची, आणि ज्याची त्यानं ओळखून, धोतर नाहीतर पदर झटकून घरी जायचं. मला तर वाटायचं, ती घंटी दूरच्या उसातून वाळल्या पाचटावरून चालत येते, आणि ओट्यावर टेकून दम खाते.

मग फोनची जुनी तार बाभळीत लोंबकळली ती कायमचीच. केबलवाला रवि एक डबा घेऊन आला. त्यावर हिरवे दिवे. लाईट गेली तरी चालावा म्हणून त्यानं तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला.

"अक्का, आता आवाज तारेतून न्हाई, नेटमधून येणार. नंबर तुमचा तोच."

"नेट म्हंजी?"

"म्हंजी… हवेसारखं समजा."

"मंग डबा कावून आणलास?"

रवि बिल न मागताच गेला.

त्या संध्याकाळी गुरं परतली. फोन वाजला नाही. देवळात दिवा लागला. वाजला नाही. काळोखात डब्याचे दिवे काजव्यांसारखे लुकलुकत होते आणि ओट्यावरची माणसं त्यांच्याकडं बघत बसली होती, जणू उसाचा फड त्या दिव्यांच्या मागंच हलतोय आणि आत्ता कुणीतरी तिथून हाक मारील.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. ताराबाईनं भाकरी सोडली. तिची सून अंजना पोटुशी होती, दिवस भरत आलेले, तरी अंगदबरोबर तोडीला गेलेली. ताराबाईच्या घराण्यात पाचवी पुजेपर्यंत बाळाची बातमी तोंडानं सांगत नाहीत, नजर लागते. म्हणून ठरलं होतं, दोन घंट्या द्यायच्या.

मी दुकानातल्या फोनवरून अंगदचा मोबाईल लावून दिला. ताराबाईनं रिसीव्हर कानाला धरला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे."

"बाई लई चांगली बोलती गं," ताराबाई माझा हात धरून म्हणाली. "तिला इचार की, अंजना कशी हाय."

मी पेठेत सगळ्यांचे आवाज काढते, त्या बाईचाही मला हुबेहूब येतो. पण त्या दिवशी मी तो काढला नाही.

अक्का म्हणाली, "बंकट इसरला, अंगद इसरला, समदेच एका रोजी कसे इसरतील? ह्यो डबा पैली घंटी गिळतो."

"डबा घंटी खातो?" मी हसले. डबा तपासायला आलेला रविसुद्धा हसला.

चौथ्या दिवशी देवळात दिवा लागला आणि फोन वाजला. एकदाच. ताराबाईनं हात जोडले. "समदं ठीक हाय गं बाई!"

"एक न्हाई, दोन हायत त्या," अक्का म्हणाली. "ताराबाई, तू आजी झालीस."

"आम्ही सगळ्यांनी एकच ऐकली!" मी म्हणाले. "लाव पैज, अक्का."

"लाव. हरलीस तर मी सांगंल तो आवाज काढायचा."

ताराबाई एकदा माझ्याकडं बघे, एकदा तिच्याकडं. खरं कुणाचं धरावं? तिनं घरी जाऊन अर्धीच भाकरी खाल्ली.

आणखी चार दिवसांनी, अक्काच्या हिशेबानं पाचवीच्या संध्याकाळी, ताराबाई दिवा लावायला देवळात गेली होती, तेव्हा फोन वाजला आणि वाजतच राहिला. पेठ बघत राहिली. अक्कानं पदराला हात पुसले आणि उचलला.

"मावशी, अंगद बोलतो. पोरगी झाली! दोगी बऱ्या हायत. त्या रोजी दोन घंट्या वाजवल्या की मी, आईला कळलं का न्हाई?"

अक्कानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तिकडं फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत, वाऱ्याच्या आवाजात, काहीतरी इवलंसं रडत होतं. मग रेंज गेली.

ताराबाई धापा टाकत आली तेव्हा फोनमध्ये काहीच उरलं नव्हतं. अक्कानं तिला ओट्यावर बसवलं, सगळं सांगितलं. ताराबाई रिकामा रिसीव्हर कानाला लावून बसली.

"सायले," अक्का म्हणाली, "पैज म्हंजी पैज. काढ तिच्या नातीचा आवाज."

मी ओठ आवळले आणि नाकातून, अडखळत, जमेल तसं रडले. ताराबाई डोळे मिटून ऐकत होती.

"अजून," ती म्हणाली.