चार बोटं प्ले

समजा, तुम्ही गाडीखाली उताणे पडला आहात. वर अडीच टनांची, अठरा वर्षं जुनी, सात माणसांची धिप्पाड गाडी स्टँडवर उभी आहे आणि तुम्हाला तिच्या पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट काढायचा आहे. बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खांदाच. ज्या गोल सांध्यावर चाक वरखाली होतं आणि वळतं, तो. नट सुटतो, पण सांधा सुटत नाही. खुर्ची आपल्या नावावर आहे अशा थाटात तो गंजून बसलेला असतो. त्याला खालून ठोकून उपयोग नाही. ज्या लोखंडात तो रुतलाय, त्या लोखंडावर बाजूने हातोडा मारायचा. चार-पाच घाव बसले की एकदम टण् आवाज होतो आणि सांधा निखळून हातात येतो. हलवून बघा, खुळखुळ्यासारखा वाजेल.

तुम्ही मिस्त्री असाल तर तुमच्या जिवाला बरं वाटेल. तुम्ही कॅप्टन असाल तर शेजारी हाताची घडी घालून म्हणाल, "तसा चांगला होता की."

कॅप्टन आयुष्यात कधी जहाजावर चढलेले नव्हते. ते वजनमाप खात्यात तपासनीस होते. त्यांची गाडी गल्लीत शिरताना बोटीसारखी डुलत यायची म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलं. कॅप्टनना तो सन्मान वाटला, आणि त्यांचा गैरसमज दूर करायची कोणाला घाई नव्हती.

दुकानदाराच्या काट्याची सुई केसभर हलली तरी कॅप्टन शिक्का मारायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "थोडं चालतं, असं मापात नसतं." त्यांच्या स्वतःच्या स्टिअरिंगला मात्र चार बोटं प्ले होता. म्हणजे स्टिअरिंग चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठे चाकांना बातमी पोचायची. शिवाय गाडी डावीकडे ओढायची. मिस्त्री याला झीज म्हणायचा. कॅप्टन स्वभाव म्हणायचे. "ती माणूस ओळखते," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

या स्वभावाचा एक मोठा फायदा होता. गाडी दुसऱ्या कोणालाच चालवता येत नव्हती. मेहुण्याने एकदा हौस केली होती, तो कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला भेटून परत आला. बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. लायसन्स काढून तिला अकरा वर्षं झाली होती. ते कपाटात जपून ठेवलेलं होतं आणि ती दोन बस बदलून कामाला जायची. कॅप्टन कधीमधी तिला गाडीने सोडायचे आणि पुढे आठवडाभर त्याची आठवण करून द्यायचे.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. बायकोला लॅबची प्रमुख केलं, पण पहाटेच्या पाळीसाठी. पहिली बस सुटायच्या आत तिथे पोचायचं, जमत नसेल तर जागा दुसरीला. आणि त्याच आठवड्यात गाडी जुन्या गाड्यांच्या सरकारी तपासणीत नापास झाली.

नापास करणारी मुलगी असेल चोवीस-पंचवीसची. तिने दोन बोटांनी स्टिअरिंग हलवलं, पट्टी लावली आणि कागदावर फुली मारली. कॅप्टननी आपणही तपासनीसच असल्याचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग काका, तुम्हाला कसं सांगू? मापात थोडं चालत नाही." वाक्य ओळखीचं होतं. फक्त ते या बाजूने ऐकायची सवय नव्हती.

मिस्त्रीने गाडीखाली डोकावून सांगितलं की आता ठिगळं लावून भागणार नाही. चाकं धरणारे पुढचे आर्म जाड घाला, बॉल जॉइंट, चाकं वळवणारे टाय रॉड आणि स्टिअरिंग बॉक्स सगळं नवं घाला. कॅप्टनना पास होण्यापुरतं हवं होतं. बायको बरोबर आली होती. ती म्हणाली, "सगळं बदला." आणि पहाटेच्या पाळीचा विषय तिने मिस्त्रीसमोरच काढला. गाडी मी नेली तर? कॅप्टन म्हणाले, गाडी आधी नीट तर होऊ दे, मग बघू. चार लोकांत दिलेला 'बघू' घरातल्या 'हो'पेक्षा जड असतो, हे तिला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. काढलेला माल मिस्त्रीने गोणीत भरून दिला. ती त्याची पद्धतच होती, म्हणजे नंतर कोणी 'बदललंच नाही' म्हणायला नको. गाडी तपासणीत पास झाली आणि कॅप्टन छाती काढून घरी निघाले.

गल्लीत वळताना ते कित्येक वर्षं सलूनच्या पाटीपाशी स्टिअरिंग फिरवायला घ्यायचे, तेव्हा गाडी पुढे शिंप्याच्या दुकानापाशी वळायची. त्या दिवशीही त्यांनी सलूनपाशीच घेतलं. गाडी सांगितल्याबरोबर वळली. चाक सलूनच्या पायरीवर चढलं. आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशात आपल्या खांद्यामागे गाडीचं नाक बघून उठून उभं राहिलं. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

"कॅप्टन," तो शांतपणे म्हणाला, "नंबर लावून बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅप्टन मिस्त्रीकडे हजर. गाडी उजवीकडे ओढते म्हणे. बायकोने सुट्टी घेतली होती, ती मागे बसून आली. मिस्त्रीने गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली. सगळे आकडे जिथल्या तिथे. मग दोघांना घेऊन तो गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर गेला आणि त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. गाडी सुतासारखी सरळ गेली. मग कॅप्टन बसले, आणि त्याच रस्त्यावर गाडी गांडुळासारखी वळवळत निघाली. त्यांचे हात अजून जुनीच गाडी चालवत होते. ती डावीकडे जाणार म्हणून आधीच उजवीकडे ओढायचे, आणि ती खरंच उजवीकडे गेली की दचकून डावीकडे.

"ओढते ना?" कॅप्टन म्हणाले.

मिस्त्रीने हात पुसायचं फडकं बराच वेळ न्याहाळलं. "साहेब," तो म्हणाला, "अंगण मी सरळ करून दिलंय."

मागून बायको उतरली. "सरका जरा, मी बघते." तिने सीट पुढे घेतली, आरसा खाली केला आणि गाडी सुरू केली. पहिल्यांदा दोन हिसके बसले. मग गाडी निमूटपणे रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. कॅप्टन शेजारच्या सीटवर होते. पाय जमिनीवर ब्रेक शोधत होता.

गाडी थांबवून ती म्हणाली, "अहो, अकरा वर्षं तुम्ही म्हणत होतात, ही फक्त तुमचं ऐकते." किल्ली काढून तिने पर्समध्ये टाकली. "ती कोणाचंच ऐकत नव्हती."

मिस्त्रीला एकाएकी बॉनेटखाली काहीतरी तपासायचं आठवलं.

आता गाडी रोज पहाटे इस्पितळात जाते. कॅप्टन बसने जातात, मांडीवर प्रमाण वजनांची लाकडी पेटी घेऊन. पहिल्याच दिवशी कंडक्टरने पेटी उचलून पाहिली आणि सामानाचं तिकीट फाडलं. वजन अंदाजाने ठरवलं होतं, आणि बरोबर ठरवलं होतं, हे कॅप्टनना जास्त लागलं. बायकोने त्यांना सांगून ठेवलंय की रविवारी गोदामांमागे चला, मी शिकवते, चार दिवसांत हात बसेल. त्यावर त्यांचं उत्तर एकच. "बघू."

गोणी त्यांनी पलंगाखाली ठेवली आहे. गेल्या आठवड्यात एकेक सांधा काढून पुसला, तेल लावलं. सरकारी वजनं लावून गोणी जोखली. एकवीस किलो तीनशे ग्रॅम भरली. परवा ऑफिसातून येताना ते एक थांबा आधीच उतरले आणि मिस्त्रीच्या शेडपाशी गेले. मिस्त्री दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. कॅप्टननी इकडेतिकडे पाहिलं, पेटी खाली ठेवली आणि त्या पायांजवळ वाकून हळूच विचारलं, "समजा हं, एखाद्याला तपासणीपुरतं नवं आणि एरवी जुनंच बसवून हवं असेल, तर करून मिळतं का?"