पुलावरची वीस बटणं

बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या फोरमनचा उजवा अंगठा अर्धाच वाकायचा. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यावर गिअरबॉक्स आदळला होता. डॉक्टरांनी आत तार घालून तो जागेवर ठेवला आणि "बोटं हलती ठेवा" म्हणून बजावलं. म्हणून मुलीने आपल्याकडचं गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं. दोन दिवस फोरमनने नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी समोरचा चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

गेममध्ये अकरा माणसांना बर्फाळ डोंगरापलीकडे न्यायचं होतं. शिधा किती उरला, ताप कुणाला आलाय, पहाऱ्यावर कोण, हे सगळं शांतपणे ठरवायचं. फोरमनचा हातखंडाच तो. नऊ आठवडे त्याने एकालाही मरू दिलं नाही.

मग झुलता पूल आला. फोरमनच्या हातून सूत्रं काढून गेम आपलाच पुढे निघाला, आणि पडद्यावर अचानक एक चिन्ह चमकलं: हे बटण वीस वेळा दाबा, चार सेकंदांत! अंगठा आठावर अडला. दोर तुटला, आणि स्वयंपाक करणारी म्हातारी दरीत गेली.

सतरा वेळा गेली. दर वेळी खाली ओळ यायची: "अवघड जातंय? सोपी पातळी निवडा." अठराव्या वेळी फोरमनने अपमान गिळला आणि ती निवडली. वाटेतले लांडगे एकदम मरतुकडे झाले. पुलावरची बटणं मात्र वीसच राहिली.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई असलेच गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. फोरमनने ताटावरच विषय काढला.

"बाबा, त्याने प्रसंग रंगतो," जावई म्हणाला. "खेळणाऱ्याने नुसतं बघत बसू नये म्हणून..."

"मी बघत बसलो होतो? अकरा जीव नऊ आठवडे सांभाळले ते बघत बसून? उद्या ड्रायव्हरला सांगा, घाट उतरताना स्टिअरिंग सोड आणि वीस टाळ्या वाजव!"

"पण सोपी पातळी आहे की."

"कुणासाठी? लांडगे माझ्या अंगठ्याला चावत नव्हते, जावईबापू."

जावई हसला. जेवण झाल्यावर "द्या, मी करून देतो" म्हणत त्याने रिमोट उचलला, आणि फोरमन हात धुऊन येईपर्यंत पूल पार केलासुद्धा. पलीकडे म्हातारी वळून म्हणत होती, "तू होतास म्हणून वाचलो."

फोरमनने भिंतीतली पिन उपटली. "कुणी सांगितलं होतं तुला? ऊठ तिथून."

मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासऱ्याच्या तोंडून जावयाला अरेतुरे पहिल्यांदाच ऐकू आलं. मुलगी "बाबा!" म्हणाली, पण फोरमनने तिच्याकडेही पाहिलं नाही. ती दोघं चपला घालून निघून गेली.

त्याच संध्याकाळी फोरमनने सगळा खेळ पुसला आणि पहिल्या मुक्कामापासून नव्याने सुरू केला. गेमच्या कंपनीला पत्रही धाडलं. उत्तर आलं, "आपला अभिप्राय मोलाचा आहे." त्याने ते चुरगाळून फेकलं. तांडा पुन्हा पुलापाशी पोचला तेव्हा त्याने तो तिथेच थांबवला आणि आठवड्याला एक पत्र लावून धरलं.

पाच महिन्यांनी मुलीचा फोन आला. "बाबा, गेममध्ये बदल झालाय. आता ती बटणं बंद करता येतात."

फोरमनने गेमच्या सेटिंगची यादी उघडली. सोय खरंच होती. खाली लिहिलं होतं: "ज्यांना फक्त गोष्ट बघायची आहे, त्यांच्यासाठी."

त्याने दात खाऊन ती सुरू केली. अकराही माणसं पूल ओलांडून गेली आणि दोन दिवसांत डोंगर संपला. आनंद झाला का? झाला, पण कडू. गेम संपल्यावर त्याने डाव्या हाताने पुढचं पत्र लिहिलं: "बघायची हा शब्द काढा. मी खेळलो आहे."

त्याचं उत्तर आलेलं नाही. जावई अजून येतो, आणि आता पुन्हा 'अहो' झालाय. पण तो घरात असेपर्यंत फोरमन टीव्ही लावत नाही.