अक्षता अडकलेली रायफल

समई अर्धी घासून झाली होती. वरचा मोर अजून काळाच होता, तेवढ्यात आमचे हे गॅरेजच्या दारातून एक लांबडा खोका घेऊन आत आले.

"माझे हात चिंचेचे आहेत, मी काही धरणार नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"तू धरूच नकोस. आंबटानं गंज चढेल," म्हणाले आणि खोका देवघराशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवला. आत शिकारीची रायफल होती.

यांचं नाव नरेंद्र, ऑफिसात नॅरी. मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत, अल्फारेटाला आलो तेव्हापासून पाहतेय, ड्राइव्हवेवर मुंग्यांची रांग असली तर हे गाडी लांब लावून चालत येतात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. वस्तू घेण्याची यांची रीत मात्र ठरलेली. मिक्सर असो, गाडी असो, दुकानदाराला एकच प्रश्न: "ऐन वेळी अडकत नाही ना?"

उन्हाळ्यात यांची कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. कोण राहणार, कोण जाणार, हे यांचा मॅनेजर डेल ठरवणार. हा डेल दर ऑक्टोबरात टीममधल्या दोघा-तिघांना घेऊन कोलोरॅडोला एल्क मारायला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं जनावर, पण घोड्याएवढं. यंदा त्यानं यांना विचारलं.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नाही कसं म्हणू, शैलजा? गेल्या वर्षी ज्यानं नाही म्हटलं, तो आज ओहायोत सासऱ्याच्या घरी बसलाय."

मग यांनी शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. दर शनिवारी दुकानात जाऊन रिकाम्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे ती मागची दांडी, उघडायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, बंद करायची. विक्रेत्यानं हलक्या दाखवल्या, अक्रोडाच्या लाकडाच्या सुरेख दाखवल्या. यांनी घेतली जड, साधी. का, तर हिच्या बोल्टला रुंद आकडा आहे, तो काडतूस पहिल्यापासून घट्ट धरतो. बर्फात, हातमोजे घालून, घाईत ओढलं तरी दुसरी गोळी अडकत नाही. सरावाला गेले तर नेमही बरोबर लागला. त्या दिवशी घरी आले ते तोंड पाडूनच.

"मी नेम चुकवीन गं," एकदा भाजी निवडता निवडता म्हणाले.

"चुकवायचाच तर एवढी भरवशाची कशाला?"

"चुकून लागलीच तर? पाय मोडून जंगलात पडलेलं जनावर... मग दुसरी गोळी लगेच सुटायला नको?"

मी भाजीची टोपली उचलून आत गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळी, कातरी, स्क्रूड्रायव्हर, यांचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडतात. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा हातानं मोडायची. यंदा यांनी रायफलही आणून ठेवली.

"देवीच्या हातातही शस्त्रं आहेतच की," म्हणाले.

"तिच्यासमोर महिषासुर होता. तुमच्यासमोर गवत खाणारं जनावर असणार आहे."

आमची गिरिजा लांबूनच म्हणाली, "बाबा, इज दॅट थिंग लोडेड?"

"नाही गं. हे बघ, बोल्ट उघडाच ठेवलाय." कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं.

मी हळदकुंकू वाहिलं. यांनी डोळे मिटून ओल्या कुंकवाच्या मूठभर अक्षता वाहिल्या. आरती झाली आणि यांचा हात बोल्टकडे गेला.

"अहो, आज हात लावायचा नाही!"

"नुसता बंद करतो. धूळ जाईल आत."

दांडी अर्ध्यावर गेली, करकरली आणि थांबली. ना पुढे, ना मागे. आत लाल तांदूळ चिरडले होते, त्यात तेल, त्यात हळद. हे बघतच राहिले. मग हसायला लागले.

"बघ, देवीनंच अडवलं!"

"देवीच्या माथी मारू नका. अक्षता तुम्ही टाकल्यात."

तरी यांनी लगेच डेलला फोन लावला. रायफल बिघडली, आता कसा येऊ, वगैरे. पलीकडून डेलचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. माझ्याकडे एक जास्तीची आहे, नॅरी, काळजी करू नकोस, परवा पहाटे निघू.

यांचा चेहरा उतरला. फोन कानालाच होता. मी हळूच म्हटलं, "आता तरी खरं सांगा."

मग हे डेलला म्हणाले, रायफल चांगली असती तरी माझ्यानं मारवलं नसतं, डेल. हे आधीच सांगायला हवं होतं. मी येत नाही.

पलीकडून आलं, "ओके, नॅरी. सोमवारी बोलू."

"रागावला का?"

"कळलं नाही गं."

प्रसादाचा शिरा हातात तसाच धरून बसले होते. गिरिजानं विचारलं, "आर यू गोइंग टू लूज युअर जॉब?" मी देवीसमोर वात सारखी केली. काय मागावं, ते मला सुचेना.

उद्या उत्तरपूजा झाली की रायफल दुरुस्तीवाल्याकडे न्यायची आहे, आतल्या अक्षता काढून घ्यायला.